संपापर्यंत न पोचलेलं भाषण

बाबा सिंगापूरला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे थोडे आणि कागद जास्त होते. विमानतळावर बॅग उचलताना माझा नवरा म्हणाला, "बाबा, दगड भरून आणलेत का?" त्यावर बाबा हसून म्हणाले, "दगड नाही, एक फ्रेंच माणूस आहे आत."

तो फ्रेंच माणूस मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबा सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. तरुणपणी ते पुण्याला जाऊन फ्रेंच शिकले होते, ते केवळ या एका माणसासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक समाजवादी पुढारी. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण नाव सांगितलं की लोक फोनवर शोधतात, दोन ओळी वाचतात आणि 'अच्छा, हा होय' म्हणून त्याला निकालात काढतात. बाबांना याचा फार राग यायचा. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं त्याच्यावर घालवली होती आणि पुस्तक अजून पुरं झालं नव्हतं. आई गेल्यावर सांगलीच्या घरात एकट्याने लिहिणं होईना, म्हणून मीच त्यांना म्हटलं, काही महिने इकडे या, बुकित तिमाहच्या आमच्या कोंडोच्या फ्लॅटमध्ये शांतता आहे, इथे बसून संपवा.

शांतता होतीच. मुलगा शाळेत, आम्ही दोघं ऑफिसात. बाबा बाल्कनीतल्या टेबलावर कागद पसरून बसायचे. खाली स्विमिंग पूल, समोर झाडं. संध्याकाळी मी परत आले की ते त्या दिवशी लिहिलेलं थोडं वाचून दाखवायचे. मी ऐकायचे, पण एका हातात फोन असायचा.

इथल्या मराठी मंडळींचा आमचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्यातरी कोंडोच्या फंक्शन रूममध्ये जमायचं, कुणीतरी एखाद्या विषयावर बोलायचं, मग चहा आणि बटाटेवडे. बहुतेक जण बँकांत, हिशेबाच्या किंवा आयटीच्या कामात. मी बाबांचं भाषण ठरवलं. बाबा लहान मुलासारखे खूश झाले. निमंत्रणाचा मेसेज मी लिहिला, त्यात 'एका समाजवाद्याची कारकीर्द' असा मथळा दिला आणि खाली कंसात 'करिअरसाठी काय शिकता येईल' असं जोडलं.

बाबांनी चष्मा वर करून तो मेसेज वाचला. "करिअर कशाला आणलंस मध्ये?"

"लोक येतील, बाबा. रविवारी दुपारी इतिहास ऐकायला कोण येणार?"

"बरं," ते म्हणाले. "तुला इथली माणसं जास्त माहीत."

आता माझ्या कामाचं सांगायला हवं. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मी टेक्नॉलॉजीच्या एका टीमची प्रमुख आहे. त्याआधी मी त्याच टीममध्ये साधी इंजिनियर होते. तेव्हा एकदा वरच्यांनी फर्मान काढलं, की पुढचे सगळे शनिवार-रविवार टीमने यायचं. कुणी तोंड उघडायला तयार नव्हतं, कारण निम्मे लोक एम्प्लॉयमेंट पासवर. नोकरी गेली की पासही जातो. मी तोवर पर्मनंट रेसिडेंट झाले होते, मला तेवढी भीती नव्हती. मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि सांगितलं, की कुणीही येणार नाही, आणि काम संपवायचं असेल तर माणसं वाढवा. फर्मान मागे घेतलं गेलं. टीमने मला हॉकर सेंटरच्या टपरीवर नेऊन उसाचा रस पाजला, टाळ्या वाजवल्या. गंमत अशी, की वरच्यांनाही मी आवडले. ही नीट बोलते, लोक हिचं ऐकतात, असं त्यांच्या लक्षात आलं. वर्षभरात त्यांनी मला टीमची प्रमुख केलं.

त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत पुण्याचा एक इंजिनियर होता. माझ्यापेक्षा बराच लहान. ऑफिसात सगळ्यांसारखा तोही मला नावाने हाक मारायचा, पण लिफ्टमध्ये दोघंच असलो की 'ताई' म्हणायचा. पुंगोलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. बायको घरी, मुलगी नुकती पहिलीत गेलेली. त्याला बाबांच्या विषयात खरोखर रस होता. त्याचे आजोबा गिरणीत होते आणि संपात त्यांची नोकरी गेली होती, असं त्याने मला कधीतरी सांगितलं होतं. भाषणाचा मेसेज मी गटावर टाकला तसा त्यानेच पहिल्यांदा अंगठा वर करून उत्तर दिलं.

भाषणाच्या आधीच्या बुधवारी मला वर बोलावलं. टीमच्या कामाचा मोठा भाग पुण्याच्या ऑफिसला जाणार होता. इथली काही माणसं कमी करायची. कोणाची, ते मीच सुचवायचं. मी सुचवलं. नियमाने, कामाचा प्रकार बघून, कुठेही पक्षपात न करता. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. त्यात तो होता. सोमवारी सकाळी सांगायचं आणि तोवर कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही, असं ठरलं.

रविवारी फंक्शन रूममध्ये तीसेक माणसं आली होती. तो पहिल्याच रांगेत बसला होता, मुलगी मांडीवर, बायको शेजारी. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. अर्धा तास ठरला होता. माझं आणि बाबांचं असं ठरलं होतं, की वेळ संपत आली की मी कडेला उभी राहून तळहात दाखवीन. त्यांना घड्याळाकडे बघत बोलायला जमायचं नाही.

बाबा सुरेख बोलले. मलाच आश्चर्य वाटलं. घरी मी त्यांचं नेहमी तुकड्या-तुकड्यांत ऐकलं होतं. त्यांनी त्या माणसाचं बंदरावरचं गाव उभं केलं, वडिलांची छोटी खानावळ, तिथे येणारे खलाशी आणि गोदीकामगार. तो वकील झाला, पण गावात त्याला कुणी काम देईना. मग तो संपकऱ्यांचे खटले लढायला लागला. सगळ्या कामगारांनी एकाच वेळी हात थांबवले तर देश कसा हलेल, हे तो इतकं गोड आवाजात सांगायचा, की पोलीसही ऐकत उभे राहायचे. "कागद न घेता बोलायचा," बाबा म्हणाले, "समोरच्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि त्यांना जे म्हणायचं असेल तेच त्यांच्याआधी म्हणून टाकायचा." मग तो निवडून आला. मग एक अवघड कायदा त्याने सभागृहात फार हुशारीने पार पाडला, आणि विरोधकही त्याच्यावर खूश झाले. मग त्याला मंत्रिपद देऊ केलं. पक्षाने बजावलं, की घेऊ नकोस. त्याने घेतलं. पक्ष सुटला. काही वर्षांत तो पंतप्रधान झाला.

इथे कुणीतरी मागून टाळी वाजवली. बाबा थांबले, पाणी प्यायले.

"आता," ते म्हणाले, "मी ज्यासाठी इतकी वर्षं घालवली ते सांगतो. रेल्वेच्या कामगारांनी संप केला. त्यातल्या कित्येकांनी याची तरुणपणची भाषणं ऐकली होती. त्यांना वाटत होतं, वर आपला माणूस बसलाय..."

मला पुढचं माहीत होतं. त्याने कामगारांना सैन्यात बोलावल्याचा हुकूम काढला. आता ते सैनिक, कामावर आले नाहीत तर शिस्तभंग. संप आठवड्याभरात मोडला.

माझी नजर पहिल्या रांगेकडे गेली. तो पुढे वाकून ऐकत होता. मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली होती आणि तिला जाग येऊ नये म्हणून त्याने मान एका बाजूला अवघडून धरली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला, जणू काय छान बोलतात तुमचे बाबा असं सांगावं तसा.

मी उठले, कडेला उभी राहिले आणि तळहात दाखवला.

अजून दहा-बारा मिनिटं शिल्लक होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ दिसला, पण त्यांनी माझ्यावर शंका घेतली नाही. हातातला कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. "वेळ संपली असं दिसतंय," ते म्हणाले. "पुढे त्याने बरंच काही केलं. आभारी आहे."

टाळ्या झाल्या. लोक वड्यांकडे वळले. एक बँकवाले गृहस्थ बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काका, माणूस ग्रेट! खानावळवाल्याचा मुलगा पंतप्रधान! हेच आमच्या ज्युनियर मुलांना सांगायला हवं." बाबांनी खिशातला घडी घातलेला कागद चाचपला.

टॅक्सीत माझा मुलगा म्हणाला, "आजोबा, गुड टॉक लाह. बट व्हॉट हॅपन्ड टु द ट्रेन पीपल?"

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने मला विचारलं, "मी फार लांबवलं का गं?"

"थोडंसं," मी म्हणाले.

"हो. होतं माझं तसं." ते खिडकीबाहेर बघायला लागले. त्या दिवसापासून बाल्कनीतल्या टेबलावर कागद दिसेनात. मी विचारलं तर म्हणाले, "जरा थांबलोय. कुणाला ऐकायचं असेल असं वाटत नाही आता."

सोमवारी मीटिंग रूममध्ये मी, एचआरची एक बाई आणि तो. सगळं इंग्रजीत. मी वाक्यं आधी पाठ केली होती. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याने माझं नाव घेऊन इंग्रजीत विचारलं, की काम पुण्याला जातंय तर मला पुण्याच्या टीममध्ये घेता येईल का. मी म्हणाले, ते माझ्या हातात नाही. ते खरं होतं की नाही हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर वर वाटलं असतं, की ही अजून टीमच्या बाजूने आहे. नव्या पदावर मला ते नको होतं.

लॅपटॉप परत देऊन तो उठला. दारापाशी थांबला. एचआरच्या बाईला कळू नये म्हणून मराठीत म्हणाला, "ताई, काकांचं काल अर्धवट राहिलं ना? रेल्वेवाल्यांचं. जाण्याआधी एकदा ऐकायचंय मला."

मी मान हलवली. तो गेल्यावर पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मला वाटलं, तो विसरेल. पास रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा असतो. घर, सामान, मुलीची शाळा, हजार कामं. पण त्याने थेट बाबांना फोन केला. संध्याकाळी मी घरी आले तर बाबांचा चेहरा उजळला होता. "तुझ्या ऑफिसातला तो मुलगा आहे ना, त्याने शनिवारी जेवायला बोलावलंय. म्हणाला, पुढचं सांगा. त्याची नोकरी गेली म्हणे. तू बोलली नाहीस?"

"बोलायचं राहून गेलं."

"अरेरे," बाबा म्हणाले. "कोण असतील गं असे लोक?"

शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले. तब्येतीचं काहीतरी कारण सांगून टाळता आलं असतं, पण त्यांना एकट्याला पाठवायची माझी हिंमत नव्हती. एमआरटीने लिटल इंडिया, तिथे गाडी बदलून पुंगोल, मग एलआरटीची ती छोटी गाडी इमारतींच्या मधून वळसे घेत जाते. सगळा वेळ बाबा आनंदात होते. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही पुरं होत नव्हतं.

फ्लॅटमध्ये निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. त्याच्या बायकोने वरणभात, बटाट्याची भाजी आणि शिरा केला होता. "भांडी पॅक झालीत, एवढंच जमलं," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मला तिने बसायला त्यांची एकुलती एक उरलेली बरी खुर्ची दिली. स्वतः खोक्यावर बसली.

जेवण झाल्यावर बाबांनी सांगितलं. फंक्शन रूममधल्यापेक्षा हळू आवाजात, पण काही गाळलं नाही. रेल्वेचा संप, तो हुकूम, कामगारांच्या हातात पडलेली बोलावणी, पुढाऱ्यांची धरपकड. सभागृहात जुने सोबती त्याच्या अंगावर ओरडत होते, आणि तो तितक्याच गोड आवाजात सांगत होता, की देशासाठी करावं लागलं.

पुण्याच्या त्या मुलाने विचारलं, "काका, त्याला वाईट वाटलं असेल का?"

"तेच शोधतोय मी. मला पत्ता लागला नाही अजून. पुढे त्याने देशादेशांत शांतता व्हावी म्हणून पुष्कळ खटपट केली. लोक त्याला त्यासाठीच ओळखतात. मी मात्र याच आठवड्यात अडकून पडलोय. आमच्या प्राध्यापकांच्या संपात मीही पगाराविना घरी बसलो होतो ना, म्हणून असेल." मग बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "नोकरी गेल्याचं तुला कुणी सांगितलं रे? की नुसती मेल आली?"

त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "वरूनच आलं ते, काका. कुणाचा दोष नाही."

त्याची बायको उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. तिला माहीत होतं, हे तिच्या पाठीवरून मला कळलं. ती इतका वेळ मला आग्रह करून शिरा वाढत होती.

"मी सांगितलं, बाबा," मी म्हणाले. "यादीत याला मीच घातलं. तुमच्या भाषणाच्या वेळी मला माहीत होतं. वेळ संपली नव्हती तुमची. याच्यासमोर मला ते ऐकवेना, म्हणून थांबवलं."

त्याची मुलगी जमिनीवर खोक्यावर चित्र काढत होती, तिने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं आणि परत रंगवायला लागली.

मला वाटलं होतं, बाबा रागावतील. मी त्यांना चांगली ओळखते, ते रागावले की आवाज बसतो. पण त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "काम पुण्याला जातंय, असं हा मघाशी म्हणाला ना? आणि हा पुण्याचा. मग याला तिकडे घ्यायचं काय झालं?"

"मी विचारलं नाही."

"का?"

मी त्यांना खरं कारण सांगितलं. सांगताना ते मला फार क्षुल्लक वाटलं. इतक्या क्षुल्लक कारणासाठी माणसाच्या घराची खोकी होतात.

"मग सोमवारी विचार," बाबा म्हणाले. एवढंच.

तो म्हणाला, "ताई, राहू दे. खरंच." पण त्याच्या आवाजात आशा होती, आणि ती ऐकणं मला सगळ्यात जड गेलं.

मी सोमवारी विचारलं. वरच्या साहेबांनी मन लावून ऐकलं आणि सांगितलं, की आठवड्यापूर्वी बोलली असतीस तर जमलं असतं. आता पुण्याच्या जागा भरल्या. मी हे त्याला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, 'आठवड्यापूर्वी'सकट. मग तो म्हणाला, "ठीक आहे," आणि त्याने फोन ठेवला. या वेळी ताई म्हणाला नाही. त्यानंतर मला त्याचा फोन आलेला नाही. बाबांना येतो. पुण्याला काही महिने घरी बसल्यावर त्याला नोकरी लागली, इथल्यापेक्षा कमी पदाची. मुलगी मराठी वाचायला शिकली, तिने बाबांना फोनवर धडा वाचून दाखवला, असं बाबांकडूनच कळतं.

बाबाही सांगलीला परतले. जाताना कागद सगळे घेऊन गेले. माझ्याशी ते पहिल्यासारखेच वागले, कदाचित थोडे जास्त मायेने, आणि त्याचाच मला त्रास झाला. मी अजून त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर जाते. आता माझ्या हाताखाली आणखी एक टीम आहे.

गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला. पुस्तकाचं ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय म्हणाले.

"एक विचारू? राग नाही ना येणार? पुस्तकासाठी विचारतोय."

"विचारा."

"त्या बुधवारपासून सोमवारपर्यंत. तुला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. तेव्हा तुला झोप लागत होती का?"

मी खोटं सांगू शकले असते. त्यांना तेच ऐकायला आवडलं असतं, असंही वाटलं.

"लागत होती, बाबा."

"जेवण?"

"जेवत होते. शुक्रवारी सगळी टीम जेवायला गेली होती. मी त्याच्याच शेजारी बसले होते."

"मग त्याच्याकडे बघून काय वाटत होतं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. "की याने लवकर आवरावं. मला दीड वाजता मीटिंग होती."

पलीकडून कागद सरकवल्याचा, पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला, आणि बाबा म्हणाले, "थांब हं, जरा हळू सांग."